लेबलवरचा चौकोन

कॉलरच्या आत, नाहीतर बाजूच्या शिवणीत, एक पांढरी पट्टी असते. मानेला टोचते म्हणून आपण ती पहिल्याच आठवड्यात कात्रीने उडवतो.

जरा जवळून पाहू. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि वर्तुळ. म्हणजे धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री आणि ड्रायक्लीनिंग. ही चिन्हं सांभाळणारी जिनेटेक्स ही संस्था १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. त्याआधी आपल्याकडे परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण करत. वर चुना लागला की ती काळी पडे आणि कितीही आपटलं तरी जात नसे. पण ती खूण फक्त कपडा कोणाचा ते सांगायची. तो धुवायचा कसा, हे परटाला ठाऊक असायचं.

टबातला ३० किंवा ४० हा आकडा म्हणजे पाण्याची वरची मर्यादा. पाणी तेवढं तापवलंच पाहिजे असं नाही. मुंबई-पुण्यात नळाचं पाणी एरवी तिशीच्या आतच असतं, त्यामुळे हा आकडा आपल्याला फारसा नडत नाही. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भरदुपारी घेतलंत, तर गोष्ट वेगळी! टबाखालच्या रेघा मात्र पाहाव्यात. एक रेघ म्हणजे मशीन हळू फिरवा, दोन म्हणजे त्याहून हळू. रेयॉनचा कुर्ता ओला असताना कमजोर होतो. त्याला पिळलं की तो वेडावाकडा झालाच म्हणून समजा.

आपल्या घरांत खरा दुर्लक्षित राहतो तो चौकोन. आत उभी रेघ असेल तर कपडा दोरीवर टाका, आडवी असेल तर सपाट पसरा. स्वेटर दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनानेच लोंबतो. आणि कोपऱ्यात तिरपी रेघ असेल, तर सावलीत वाळवा.

एखादा जुना काळा कुर्ता घ्या. शिवणीची आत दुमडलेली पट्टी उलगडून बाहेरच्या कापडाशेजारी धरा. आत काळा, बाहेर विटका करडा. पाणी आणि साबण तर दोन्हीकडे सारखेच लागले. बाहेरच्या बाजूला थोडी घासणी जास्त होते हे खरं, पण रंग उडवण्यात मोठा वाटा आपल्या उन्हाचा. गडद कपडे उलटे करून वाळत घालायला काहीच खर्च नाही.

हेच ऊन एका ठिकाणी कामाला येतं. वरणाचा डाग पडलेल्या पांढऱ्या सुती शर्टाला साबण लावला की डाग लालभडक होतो आणि घरात आरडाओरडा सुरू होतो. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीत लाल दिसतं, एवढंच. भरपूर पाण्यात खळबळा, डाग पुन्हा पिवळा होईल. मग शर्ट खुशाल कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही.

रेशमाला हा उपाय नाही. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत. एन्झाइमवाली पावडर दूध-रक्ताचे डाग काढते ती प्रथिनं तोडूनच, आणि तीच पावडर रेशमाचा धागाही कुरतडते. क्लोरीनचं ब्लीच तर रेशमाच्या जवळही नेऊ नका. साध्या रेशमाला पूर्वीपासून रिठ्याचं पाणी वापरतात, ते याचसाठी. वर्तुळातलं पी हे अक्षर ड्रायक्लीनिंगवाल्यासाठी असतं. कुठलं द्रावण चालेल ते त्याला त्यावरून कळतं.

येवल्याच्या मागावरून आलेल्या पैठणीला बऱ्याचदा असं लेबलच नसतं. तिच्यावर हळदीच्या कार्यक्रमात डाग पडला, तर घरी साबण नको, ऊनही नको. चोळू नका, फक्त टिपून घ्या. साडी दुकानात देताना डाग हळदीचा आहे की तेलाचा, ते आवर्जून सांगा. प्रत्येक डागाचं औषध वेगळं असतं.