शंभराव्या दिवसानंतरचं भाडं

(दृश्य: फ्री स्टेट प्रांतातली सपाट जमीन. वाळलेला मका. क्षितिजावर काँक्रीटच्या सायलोंची रांग.)

दक्षिण आफ्रिकेत मका मे महिन्यापासून बाजारात यायला लागतो आणि ऑगस्ट सरेपर्यंत बहुतेक रानं मोकळी होतात. खाणारी तोंडं मात्र बाराही महिने असतात. वर्षभराचा मका तीन-चार महिन्यांत येऊन पडतो, तो कुठेतरी थांबायला हवा. ती जागा म्हणजे हे सायलो.

ट्रक फाटकाशी आला की आधी नमुना घेतात. दाण्यात 14 टक्क्यांहून जास्त ओल असेल, तर ढीग आतून तापतो आणि बुरशी धरते. मग वजनकाटा, मग प्रतवारी. पांढरा मका माणसांच्या पिठासाठी, पिवळा बहुतेक कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यासाठी.

शेतकऱ्याच्या हाती येते सायलोची पावती. आपल्याकडच्या वखार पावतीसारखीच ती विकता येते. साफेक्स या जोहान्सबर्गच्या वायदेबाजारात 1996 पासून मक्याचे सौदे होतात. एक सौदा 100 टनांचा आणि भाव रँडफोंटेन गावाला धरून. तुमचा सायलो तिथून लांब असेल, तर वाहतुकीचे पैसे त्या भावातून वजा होतात. म्हणजे मका जागचा हलत नाही, फक्त मालक बदलतो. सायलोच्या भाड्याचं मीटर मात्र रोज फिरत राहतं.

(दृश्य: जुन्या सायलोच्या भिंतीवरचा विटलेला रंग.)

हे सायलो नव्या व्यापाऱ्यांनी बांधलेले नाहीत. सरकारी मका मंडळ हाच एकमेव खरेदीदार होता, त्या काळातले ते आहेत. सहकारी संस्था मंडळाच्या वतीने मका घेत आणि साठवत. सरकारी आधाराच्या स्वस्त कर्जातून कोठारं उभी राहिली आणि प्रत्येक संस्थेचा पट्टा ठरलेला होता. 1996 चा पणन कायदा आला, मंडळ गुंडाळलं गेलं, संस्था कंपन्या झाल्या. खरेदी-विक्री खुली झाली, पण कोठारं ज्यांची होती त्यांचीच राहिली. पुढचा सगळा वाद इथून निघाला असं आम्हाला वाटतं. बाजार खुला करताना साठवणुकीचं काय, हा प्रश्न कुणी पुरेसा विचारला नाही.

क्लेर्क्सडोर्पची सेनवेस ही अशीच एक संस्था. 1909 पासून सहकारी, 1997 मध्ये कंपनी. आपल्या पट्ट्यातली बहुतांश साठवण तिच्याकडे. ती सायलो चालवते आणि स्वतः मक्याचा व्यापारही करते. म्हणजे जो व्यापारी तिला भाडं देतो, त्याच्याशीच ती शेतकऱ्याच्या दारात स्पर्धा करते.

2003 पर्यंत पद्धत साधी होती. भाडं दिवसावर, पण पहिले 100 दिवसच. त्यानंतर मका हंगामभर पडून राहिला तरी वाढीव भाडं नाही. मे 2003 मध्ये सेनवेसने ही मर्यादा व्यापाऱ्यांसाठी काढून टाकली. शेतकऱ्यांसाठी ती राहिली.

(दृश्य: पाटीवर खडूने आकडेमोड.)

हिशोब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. भाडं टनाला दिवसाला अर्धा रँड (रँड हे तिथलं चलन) धरा. व्यापाऱ्याने शंभराव्या दिवशी मका घेतला आणि दोनशेव्या दिवशी गिरणीला दिला. जुन्या पद्धतीत मधल्या काळाचं भाडं शून्य, नव्या पद्धतीत टनामागे 50 रँड. तेवढं त्याला शेतकऱ्याच्या भावातून कापावं लागतं. सायलोवाल्याच्या व्यापार विभागाने कागदावर तेच भाडं भरलं, तरी ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातं. त्यामुळे तो शेतकऱ्याला चढा भाव देऊ शकतो. स्वतंत्र व्यापाऱ्याने तो भाव दिला, तर तोटा त्याच्या पदरात. याला मार्जिन स्क्वीझ म्हणतात, सोप्या मराठीत नफा आवळणं.

चढा भाव शेतकऱ्याला बरा नाही का? त्या हंगामापुरता, हो. पण इतर खरेदीदार हटले की चढा भाव देण्याचं कारणही संपतं.

व्यापाऱ्याने मका दुसरीकडे हलवावा, तर भरणावळ, ट्रक आणि नव्या जागी पुन्हा उतरणावळ. स्वतःचं काँक्रीट कोठार बांधणं छोट्याच्या आवाक्याबाहेरचं. लांबलचक प्लास्टिक पिशव्यांचा एक मार्ग आहे. 60 मीटरच्या एका पिशवीत साधारण 200 टन मावतं. पण उंदराने एक भोक पाडलं, पावसाचं पाणी आत गेलं, की तिथला माल सडतो. पिशवी रोज फिरून तपासावी लागते.

2004 च्या अखेरीस सीटीएच ट्रेडिंग या व्यापारी कंपनीने तक्रार केली. स्पर्धा आयोगाने 2006 मध्ये प्रकरण न्यायाधिकरणापुढे नेलं. फेब्रुवारी 2009 मध्ये निकाल सेनवेसच्या विरोधात लागला आणि स्पर्धा अपील न्यायालयातही टिकला. 2011 मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फिरवला. कारण तांत्रिक होतं: मार्जिन स्क्वीझचा आरोप आयोगाने आपल्या अर्जात मांडलाच नव्हता. अखेर 12 एप्रिल 2012 रोजी त्याहून वरच्या घटना न्यायालयाने न्यायाधिकरणाचा निर्णय पुन्हा उभा केला.

दंड किती? शून्य. स्पर्धा कायद्याच्या ज्या कलमाखाली हा निकाल लागला, त्यात पहिल्या खेपेला दंड करण्याची तरतूदच तेव्हा नव्हती. एवढी वर्षं लढून व्यापाऱ्याच्या पदरात पडलं ते तत्त्व. गेलेले हंगाम परत मिळत नाहीत, आणि याचं आम्हाला वाईट वाटतं. उपाय म्हणून सेनवेसचा धान्यव्यापार वेगळ्या कंपनीत नेण्याचं ठरलं. कंपनी वेगळी झाली की तिला लावलेलं भाडं वेगळ्या वहीत दिसतं आणि इतरांच्या भाड्याशी ताडून पाहता येतं.

(दृश्य: मलावीतलं गाव. अंगणात वाळत घातलेला मका.)

जोहान्सबर्ग विद्यापीठातले स्पर्धा आणि नियमनाचे अभ्यासक आता हीच नजर उत्तरेकडे वळवतात. मलावी, झांबिया, टांझानिया, केनिया इथले मका, सोयाबीन आणि खतांचे भाव ते नियमित टिपतात. मलावीतल्या लिलाँग्वेच्या आणि केनियातल्या नैरोबीच्या भावातला फरक घ्यायचा. त्यातून ट्रकभाडं, सीमेवरचा खर्च आणि वाटेतली घट वजा करायची. उरलेला आकडा मोठा निघाला, तर मग विचारायचं: वाटेवरची गोदामं कुणाची, त्यांचं दरपत्रक काय, आणि तेच मालक मालही विकत घेतात का? मलावीतल्या छोट्या शेतकऱ्यापाशी शंभर दिवस थांबायला गोदामच नसतं. एप्रिल-मेमध्ये घरात पैसा लागतो आणि पोतं दारात आलेल्या पहिल्या खरेदीदाराच्या काट्यावर चढतं.