तपकिरी दिसलं म्हणजे डायटम नव्हे

विषय आहे रीफ टँकमधलं, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं, उपद्रवी शेवाळ ओळखण्याचा. पण आधी माझ्या टँकचं सांगतो, कारण त्याशिवाय मी इथे उभाच राहिलो नसतो.

टँक आठ महिन्यांचा होता. वाळूवर तपकिरी साय धरली. मी म्हटलं, डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शेवाळ. सिलिकेट संपलं की जातील. डायटम नव्या टँकमध्ये येतात हे मला माहीत होतं, तरी पुढचा विचार केला नाही. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं, फॉस्फेट शोषणारी पावडर लावली, पाणी बदलत राहिलो. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आणि साय शेंबडासारखी चिकट झाली, तिला तारा फुटल्या, तारांच्या टोकांना बुडबुडे. सकाळी दिवे लागण्याआधी वाळू जवळजवळ स्वच्छ, दुपारी पुन्हा तेच. मग गोगलगायी काचेवरून गळायला लागल्या. एक उचलली, तर अंग आत ओढून घेण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

दुकानातून बाटली मिळाली, वर लिहिलेलं, ‘सर्व शेवाळांवर उपयुक्त’. याचा मला आजही संताप येतो. सर्व शेवाळांवर चालणारं औषध नसतं. आणि ज्याला आपण शेवाळ म्हणतो त्यातलं अर्धं शेवाळ नसतंच. ‘लाल शेवाळ’ कोण कोण म्हणतं? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. ओल्या कापडासारखे सोलून निघतात.

शेवटी सूक्ष्मदर्शक आणला. 400 पटीत तिळासारख्या, एका टोकाला निमुळत्या पेशी दिसल्या, दोरीला बांधल्यागत जागच्या जागी गरगरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोफ्लॅजेलेट म्हणजे ‘डायनो’ गटातला एकपेशी सूक्ष्मजीव. याच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या जातकुळीतलं विष बनवतात, म्हणून हातमोजे घाला. पाणी इतकं निःसत्त्व करून मी त्यांचे प्रतिस्पर्धी उपाशी मारले होते आणि मैदान यांना मोकळं करून दिलं होतं. उपाय नेमका उलटा निघाला: पाणी बदलणं थांबवलं, नायट्रेट-फॉस्फेट वाढवले, पाणी ज्यातून फिरतं तो यूव्ही दिवा लावला. ही जात रात्री पाण्यात तरंगते म्हणून यूव्ही लागू पडला. अँफिडिनियम हा दुसरा डायनो वाळूतच राहतो, तिथे यूव्हीचा फारसा उपयोग नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय भराभर घेतो.

सूक्ष्मदर्शक नसेल तर नमुना बाटलीत जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा, गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. तारा-गुठळ्या पुन्हा जमल्या तर डायनोचा संशय धरा. डायटम असे जमत नाहीत. त्यांना सिलिकाचं काचेसारखं कवच असतं.

हिरव्यांत गोंधळ होतो. काडी पाण्यात धरून बघा. दोन्ही बाजूंना पिसासारखे फाटे असतील तर ब्रायोप्सिस. त्यावर बहुधा फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक औषध चालतं. नुसते मऊ केस असतील तर डर्बेसिया असू शकतं. चकचकीत हिरवा फुगा म्हणजे व्हॅलोनिया. अख्खा फुगा एकच पेशी. फोडू नका, बुडापासून सोडवा. गुलाबी-जांभळा कडक थर खरवडू नका. तो कोरलाइन, म्हणजे चुन्याचा थर धरणारं शेवाळ, तो हवाच आहे.

ज्यांनी बाटल्यांत नमुने आणलेत त्यांनी मागच्या टेबलाशी या. सूक्ष्मदर्शक लावून ठेवला आहे.