त्सेर्ब्स्टचा धाकट्या पातीचा राजपुत्र

[दृश्य: त्सेर्ब्स्ट गावातला वाडा. उभी आहे ती फक्त पूर्वेकडची बाजू. बाकीचा वाडा १६ एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेला.]

१६०३ साली जर्मनीतल्या आनहाल्ट घराण्याच्या भावांनी मुलूख वाटून घेतला. थोरल्यानेच सगळं घ्यायचं, असा नियम तेव्हा तिथे नव्हता. त्यातली एक वाटणी त्सेर्ब्स्ट. पुढे या शाखेलाही धाकटी पाती फुटली आणि तिच्या वाट्याला एल्बकाठचं डोर्नबुर्ग आलं. ख्रिश्चियान आउगुस्ट तिथे जन्मला, २९ नोव्हेंबर १६९० रोजी. किताब राजपुत्राचा, पण पोट भरायला चाकरी प्रशियाच्या फौजेत.

[दृश्य: ओडर नदी. स्टेटिन, आजचं पोलंडमधलं श्चेचिन.]

पलटणीचा मुक्काम स्टेटिनला. १७२७ मध्ये लग्न झालं. नवरा छत्तीस वर्षांचा, नवरी योहाना एलिझाबेथ पंधराची. २ मे १७२९ रोजी थोरली मुलगी सोफी झाली, म्हणजे पुढची रशियाची सम्राज्ञी कॅथरीन द ग्रेट. एकूण पाच मुलं. त्यातली तीन लहानपणीच गेली.

योहाना होल्स्टाइन-गोटोर्प या जर्मन राजघराण्यातली, आणि पुढच्या साऱ्या घडामोडींची किल्ली तिच्या माहेरी आहे. तिच्या भावाची सोयरीक रशियाच्या एलिझाबेथशी ठरली होती. लग्नाआधीच तो देवीच्या आजाराने गेला. एलिझाबेथ पुढे सम्राज्ञी झाली आणि तिने वारस म्हणून आणला तो पीटर योहानाच्या चुलतभावाचा मुलगा. सून शोधताना सोफीचं नाव निघालं ते असं.

१७४२ च्या नोव्हेंबरात त्सेर्ब्स्टची थोरली पाती निपुत्रिक संपली. गादी दोघा भावांकडे सामाईक आली, योहान लुडविग आणि ख्रिश्चियान आउगुस्ट. ख्रिश्चियान आउगुस्टचं वय एक्कावन्न. चौदा महिने होतात न होतात तोच रशियाहून बोलावणं आलं: मायलेकींनी यावं. बापाला आमंत्रण नव्हतं. तो कडवा लुथरपंथी. मुलीच्या धर्मांतरात आडवा येईल, हे उघड होतं.

[दृश्य: ओडरकाठचं श्वेट.]

मायलेकी ‘राइनबेकच्या काउंटेस’ या खोट्या नावाने निघाल्या. श्वेटला बापलेकीचा निरोप झाला. त्याने तिला लेखी सूचना दिल्या होत्या: आपला पंथ सोडू नको, राज्यकारभारात पडू नको. पुन्हा भेट झाली नाही.

जून १७४४ मध्ये सोफीने ऑर्थोडॉक्स पंथ घेतला आणि ती एकातेरिना अलेक्सेयेव्ना झाली. आता हे ‘अलेक्सेयेव्ना’ नीट ऐका. रशियन रीतीने नावामागे वडिलांचं नाव लागतं; अलेक्सेय नावाचं या घरात कुणीही नव्हतं. ते घेतलं एलिझाबेथच्या आईवरून, तीही एकातेरिना अलेक्सेयेव्नाच. पुढच्या वर्षीच्या लग्नालाही बापाला बोलावलं नाही.

नोव्हेंबर १७४६ मध्ये भाऊ योहान लुडविग वारला. ख्रिश्चियान आउगुस्टने एकट्याने राज्य केलं ते जेमतेम चार महिने. १६ मार्च १७४७ ला तो गेला.

मुलगा फ्रीडरिश आउगुस्ट १७९३ मध्ये निपुत्रिक वारला. १७९७ मध्ये देसाउ, बेर्नबुर्ग आणि क्योटन या भाऊबंदांनी चिठ्ठ्या टाकून त्सेर्ब्स्ट वाटून घेतलं. चिठ्ठीबाहेर राहिलं ते दूर उत्तर समुद्राजवळचं येफर. ते १६६७ मध्ये एका सुनेच्या माहेरच्या वारशाने घरात आलं होतं आणि त्यावर मुलींचाही हक्क चालत असे. त्यामुळे ते सोफीकडे, म्हणजे रशियाच्या सम्राज्ञीकडे गेलं. तिने तिथला कारभार सोपवला आपल्या विधवा भावजयीवर.