मुलाकातीला कुणीच आलं नाही

[दृश्य: हर्सूल. कारागृहाबाहेर मुलाकातीसाठी थांबलेली माणसं.]

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहाबाहेर ही जी माणसं थांबलीत, त्यांत बायाच जास्त दिसतील. कुणाची आई, कुणाची बायको. कडेवर लेकरू, पिशवीत धुतलेले कपडे. आतल्या पुरुषासाठी बाई कशीही करून येते, उसने पैसे घेऊन येते. आत बाई असली, की तिच्यासाठी येणारं माणूस फार क्वचित दिसतं.

देशातल्या शंभर कैद्यांमध्ये बायका साधारण चार. मराठवाड्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र कारागृह नाही. पुरुषांच्याच कारागृहात त्यांचा वेगळा विभाग असतो.

[दृश्य: पहाट. उसाच्या फडाकडं निघालेली टोळी.]

बीड जिल्ह्यातल्या गेवराई-धारूरकडची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. आरोप नवऱ्याच्या खुनाचा. खटला अजून चालायचाय, गुन्हा सिद्ध झालेला नाही. देशातल्या चारांपैकी तीन कैद्यांची गत हीच आहे. सासरचं दार तिला कायमचं बंद. माहेरचे दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर ऊस तोडायला गेले. कोल्हापूर, सांगली, नाहीतर कर्नाटक. मुकादमाकडून उचल घेतलेली. मधेच कोयता ठेवून बहिणीला भेटायला यायचं, तर खाडा पडतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, कुणी येणार नाही, हे तिलाही ठाऊक असतं. पण लेकरं कुठंयत? फडावर नेली, की म्हातारीजवळ ठेवली? शाळा सुटली का?

आधी झोप जाते. मग भूक. "जीव घाबरायलाय," "डोस्क्यात मुंग्या यायल्यात," असं ती सांगते. 'मला नैराश्य आलंय' असं आमच्याकडची बाई म्हणत नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही ते ओळखू येत नाही. एखादी दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसते, एखादीच्या अंगात येतं, आणि बराकीत कुणीतरी म्हणतं, "नाटकं करायली." या दोन शब्दांचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. ते एकदा चिकटले, की पुढं ती खरोखर जिवावर उदार झाली तरी कुणी वळून बघत नाही.

[दृश्य: घाटी रुग्णालयाबाहेरची गर्दी.]

कायदा तिच्या बाजूनं आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की राज्यातल्या किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आजारांवरच्या उपचारांचं केंद्र हवं. जीव द्यायचा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं धरून चालायचं आणि त्याची काळजी घ्यायची, हेही त्याच कायद्यात आहे. पण राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतलं एकही नाही. आपल्याकडं संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज आहे. पण आतल्या बाईला तिथवर न्यायचं तर पोलिसांचं गार्ड लागतं, त्यात महिला पोलीस लागते. गार्ड मिळालं नाही, की दवाखानाही लांबतो आणि कोर्टाची तारीखही.

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये त्यासाठी नियम घालून दिले. सहावं सरलं, की ते बाहेर जातं. नातेवाइकाकडं, नाहीतर बालगृहात. त्यानंतरच्या रात्रींवर कुठली गोळी द्यायची? काही कारागृहांत मुलांना जवळ घेऊन भेटता यावं म्हणून 'गळाभेट' होते. माझं स्पष्ट मत आहे, की हा समारंभ न राहता नेमानं व्हावा. लेकराचा हात हातात येणं हा या बायांसाठी उपचारच आहे.

[दृश्य: तहसील कार्यालय. सातबाऱ्यासाठी रांग.]

कधीकधी जामीन मंजूर होतो आणि तरी बाई आतच राहते. जामीनदार हवा, त्याला सातबारा नाहीतर ऐपतीचा दाखला हवा. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. ज्याच्या नावावर आहे, तो तिच्यासाठी सही करत नाही. कागद झाले, न्यायाधीशांनी होय म्हटलं, आणि ती तिथंच. हे दिवस माणसाला आतून पोखरतात. यावर सर्वोच्च न्यायालयाचा 31 जानेवारी 2023 चा आदेश आहे. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर अटी सैल करायच्या का, हे न्यायालय स्वतःहून पाहू शकतं.

तुमच्या गावातली, भावकीतली कुणी आत असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचं कार्यालय विचारा. बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिथं मिळकत बघत नाहीत. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. फोन 15100. बाहेर राहिलेल्या तिच्या आईचा, लेकरांचा जीव घाबरत असेल, तर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 लावा, पैसे लागत नाहीत. आणि टोळी गावी परतली, की तिच्या भावाला एकदा हर्सूलला घेऊन जा. जाताना लेकरांना सोबत घ्या.