फळ्याच्या मधली रेघ

(दृश्य: वर्गखोली, सकाळ. कॅमेरा फळ्यावर.)

फळा एकच आहे आणि त्याच्या मधोमध खडूची एक उभी रेघ. डावीकडे तिसरीची हातच्याची वजाबाकी, उजवीकडे चौथीचे शब्द, वाक्यात उपयोग करायचे. मॅडम दोन्हीच्या मधे उभ्या आहेत पण बघताहेत मोबाईलकडे, कारण पावणेअकरा झाले, आजची हजेरी अजून ऑनलाइन गेली नाही आणि या शाळेत रेंज येते ती फक्त खिडकीच्या दुसऱ्या गजापाशी. हात बाहेर काढला की दोन दांड्या दिसतात, आत घेतला की ते गोल गोल फिरत राहतं. तेवढ्यात चौथीतली एक पोरगी उठून तिसरीतल्या पोट्ट्यांना हातचा शिकवायला लागते. तिला कोणी सांगितलं नाही, पण रोजचंच असावं, कारण डोळेसुद्धा अगदी मॅडमसारखे वटारते.

(दृश्य: रस्ता, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा.)

नागपूरहून काटोल रोडने निघालं की तासाभरावर हे गाव. गावाचं नाव सांगत नाही, मॅडमचंही नाही, तेवढ्याच एका अटीवर त्या बोलायला तयार झाल्या. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट 41, शिक्षक दोन. आता शिक्षण हक्क कायद्याचं गणित असं आहे की 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, असं पुढे. म्हणजे शिक्षक मोजतात ते मुलांच्या डोक्यावरून, वर्ग किती आहेत त्यावरून नाही. कागदावर ही शाळा एकदम ओके आहे, एका शिक्षकामागे 30 मुलांची मर्यादा आणि इथं तर जेमतेम 20. पण वर्ग चार आहेत ना. त्यामुळे दोघं हजर असले तरी प्रत्येकाकडे दोन वर्ग असतातच, आणि आज दोघं हजर नाहीत, सर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारे अधिकारी आहेत, त्याच कामाला तहसीलला गेलेत. म्हणून पहिली-दुसरीसुद्धा याच खोलीत, मागच्या सतरंजीवर, पाटी घेऊन.

मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या दिवशी आले, आज तांदूळ नाही आला."

(दृश्य: स्वयंपाकाची खोली, वजनकाटा, रजिस्टर.)

तांदूळ आला की पोती मोजून घ्यायची, वजन करायचं, साठा रजिस्टरला चढवायचं, रोज किती शिजला किती उरला ते लिहायचं, मग तेच परत ऑनलाइन भरायचं. शिजवायला ताई आहेत पण हिशेब मॅडमचा. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, जे अंडं खात नाहीत त्यांना केळ. निर्णय चांगला होता, इथले पोट्टे त्या दिवशी हमखास यायचे असं ताई सांगतात. फक्त अंड्यामागे मिळायचे 5 रुपये आणि थंडीत दुकानदार मागायचा सात. मधले दोन कोणी द्यायचे यावर जीआरमध्ये काही नव्हतं, मॅडमनी दिले. पुढे जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचे पैसेच बंद झाले, लोकसहभागातून करा म्हणाले. लोकसहभाग म्हणजे कोण, तर परत गावात वर्गणी मागत फिरायचं ते शिक्षकांनीच.

आता फोन बघू. त्यांच्या परवानगीने बघितला. शाळेचे म्हणून नऊ ग्रुप. आसपासच्या शाळांच्या केंद्राचा, तालुक्याचा, पोषण आहाराचा, यूडायसचा (शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीचा), निवडणुकीचा, ट्रेनिंगचा, आणखी कुठले कुठले. त्यात एक शब्द सारखा दिसतो, अतितात्काळ. "सोबतच्या लिंकवर आज दुपारी 3 पर्यंत माहिती भरावी, निरंक असल्यास निरंक कळवावे." हे निरंक प्रकरण मला फार आवडलं. तुमच्या शाळेत ते नाहीच आहे, तरी नाहीये हे लिहून द्यायचं, नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी ग्रुपवर यादी येते, माहिती अप्राप्त शाळा म्हणून, आणि त्यात तुमचं नाव लाल अक्षरात.

मग अपार आयडी, प्रत्येक विद्यार्थ्याचा देशभर चालणारा एकच ओळख क्रमांक. मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, बापाच्या नावाची वेलांटी तिसरीकडे वेगळी. जुळलं नाही तर आयडी बनत नाही. ते जुळवायला बापाला तालुक्याला पाठवायचं, त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, तो चिडतो मॅडमवर. ओटीपी येतो तो आईच्या फोनवर आणि आई तर संत्रा तोडायला गेलेली. मॅडम म्हणतात, "मी डीएड केलं तेव्हा शैक्षणिक मानसशास्त्र होतं, बालमानसशास्त्र होतं, ओटीपी कसा मागावा हे नव्हतं बापा."

(दृश्य: कायद्याचं पान, कलम 27 वर कॅमेरा थांबतो.)

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याचं कलम 27 अगदी स्पष्ट आहे, शिक्षकाला शिकवण्याव्यतिरिक्तच्या कामाला लावायचं नाही, अपवाद तीनच, दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीत मदत आणि निवडणुका. त्याच्या आधी 2007 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं होतं की मतदार यादी आणि निवडणुकीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याची वेळ सोडून करून घ्या. वाचायला छान आहे. आता कॅलेंडर काढा. नागपूर आणि रामटेक लोकसभेचं मतदान 19 एप्रिल 2024. विधानसभा 20 नोव्हेंबर 2024. नगरपालिका 2 डिसेंबर 2025. महानगरपालिका 15 जानेवारी 2026. प्रत्येक मतदानाच्या मागे ट्रेनिंगा असतात, आदल्या दिवशी पेट्या घेऊन केंद्रावर जाणं असतं, मतदानाच्या रात्री साहित्य जमा करायची ती रांग असते, घरी यायला मध्यरात्र होते आणि दुसऱ्या दिवशी शाळा. वरून 2027 ची जनगणना, जी मोबाईल ॲपवर होणार म्हणून पहिली डिजिटल म्हणतात, तिची घरयादी 2026 मध्ये आणि माणसं मोजायची फेब्रुवारी 2027 मध्ये. ऐन परीक्षेच्या तोंडावर.

म्हणजे कायदा मोडायचीही गरज पडत नाही, अपवादातच वर्ष निघून जातं.

बरं, सरकारला हे माहीत नाही असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने जीआर काढून शिक्षकांची शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची यादीच दिली. शिक्षकांनी ती वाचली आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्या माहिती भरण्याला ते वैतागले होते त्यातलं बरंचसं आता शैक्षणिक झालं. काम तेच राहिलं, रकाना बदलला.

(दृश्य: गावातला पार. एक आई, चेहरा दिसत नाही.)

पण एकच बाजू दाखवली तर तुम्हीच कमेंटमध्ये धुवाल. ही बाई रोजमजुरी करते, पोरगा तिसरीत. "मॅडम चांगल्या हायेत, आमी काई नाई म्हणत. पण माया पोट्ट्याले अजून सरळ वाचता नाई येत. त्याले कोणाले जाऊन सांगू मी?" तिला जीआरशी काय घेणं. बाजूचा एक काका म्हणाला, सत्तर-ऐंशी हजार पगार घेतात, रडतात कायले. आणि शहरातून गाडीने येणारे, साडेचारची गाडी पकडायला चारलाच दप्तर आवरणारे मास्तरही याच जिल्ह्यात आहेत, ते खोटं नाही. कामाचं कारण पुढे करून वर्गातून सुटका करून घेणारेही आहेत, ट्रेनिंगची ऑर्डर आली की ज्यांचा चेहरा खुलतो ते आम्हीही बघितले. वरून एप्रिल 2025 मध्ये नागपुरातच तो बोगस शालार्थ आयडीचा (शिक्षकांचा पगार ज्या सरकारी प्रणालीतून निघतो तिच्यातला क्रमांक) घोटाळा निघाला, खोट्या कागदांवर शिक्षक दाखवून पगार काढल्याचा आरोप, शिक्षण खात्यातले अधिकारी अटकेत, एसआयटी. त्यानंतर कोणत्याही शिक्षकाने तोंड उघडलं की समोरचा विचारतो, तुमचा आयडी खरा आहे ना.

(दृश्य: डिसेंबर, नागपूर. मॉरिस कॉलेज टी पॉइंट, बॅरिकेड.)

आता या सगळ्याचं राजकारण कुठे होतं, तर इथे. नागपूर करार झाला 1953 मध्ये, त्यामुळे दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात, आणि अधिवेशन आलं की मोर्चे. धरणं यशवंत स्टेडियमला, मोर्चा अडवायचा तो टी पॉइंटला. याच जागी 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जणं गेले, जवळचा उड्डाणपूल आज त्यांच्या नावाने आहे. दरवर्षी त्या पुलाच्या आसपास कुठेतरी शिक्षक बसलेले दिसतील, विनाअनुदानितवाले, जुनी पेन्शनवाले, अंशकालीन, सगळ्यांचे बॅनर वेगळे आणि टोप्यांचे रंगही.

2025 चा डिसेंबरचा पहिला आठवडा बघा कसा गेला. 2 तारखेला नगरपालिकांचं मतदान, हजारो शिक्षक ड्यूटीवर. 5 तारखेला राज्यभर शाळा बंद, कारण 1 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता की सेवा पाच वर्षांहून जास्त उरली असेल त्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावी लागेल, नाहीतर नोकरी सोडा. दुसरी मागणी संचमान्यतेची, 15 मार्च 2024 च्या जीआरने शिक्षकांची पदं मंजूर करायचे निकष असे बदलले की कमी पटाच्या शाळांमधली पदं जायला लागली. सरकार म्हणालं एक दिवसाचा पगार कापू. आणि 8 तारखेला अधिवेशन सुरू. एकाच आठवड्यात हीच माणसं लोकशाहीचा कणा, मग कामचुकार, मग परत आपले गुरुजन.

विरोधक काय म्हणतात, सरकारला मराठी शाळा बंद पाडायच्यात. सत्ताधारी म्हणतात, गुणवत्ता नको का, दहा मुलांसाठी दोन पगार कसे द्यायचे. विरोधक सत्तेत गेले की वाक्यांची अदलाबदल होते, हे आम्ही नागपूरकर डिसेंबर टू डिसेंबर ऐकून राहिलो आहे. पट टिकला नाही की पद जातं, म्हणून मे महिन्यात, जेव्हा इथे 45 चा पारा असतो, तेव्हा झेडपीचे आणि महापालिकेचे शिक्षक डोक्याला दुपट्टा बांधून दारोदार फिरतात, तुमच्या पोराला आमच्याकडे टाका म्हणून. शिक्षक पोरं आणतो, पोरं शिक्षकाची जागा वाचवतात, आणि शिकवायचं कधी हे जून उजाडल्यावर बघू.

पण आम्हाला जे खरं खटकलं ते वेगळंच आहे, आणि ते कोणी बोलत नाही.

विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार असतात. नागपूर शिक्षक मतदारसंघ म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, सहा जिल्हे. 30 जानेवारी 2023 ला मतदान झालं, महाविकास आघाडीच्या पाठिंब्यावर सुधाकर अडबाले आले आणि भाजपच्या पाठिंब्याचे नागो गाणार पडले, जुन्या पेन्शनचा मुद्दा जोरात होता, खूप गाजली ती निवडणूक. आम्ही मॅडमना सहज विचारलं, तुम्ही कोणाला दिलं?

त्या म्हणाल्या, "मला मतच नाही."

आम्हाला वाटलं यादीत नाव नसेल. नाही. संविधानाचं कलम 171, शिक्षक मतदारसंघात मत कोणाला, तर माध्यमिक शाळेपेक्षा खालचा दर्जा नसलेल्या संस्थेत किमान तीन वर्षं शिकवणाऱ्याला. म्हणजे हायस्कूल आणि कॉलेज. पहिली ते चौथी शिकवणारा शिक्षक हा शिक्षक मतदारसंघासाठी शिक्षक नाही. तांदूळ मोजणारा, घरोघरी यादी घेऊन फिरणारा, एका फळ्यावर दोन वर्ग चालवणारा, त्याचंच मत नाही. बहुतेक हायस्कूलला निदान एखादा क्लार्क असतो, शिपाई असतो. झेडपीच्या प्राथमिक शाळेत क्लार्क नाही, शिपाई नाही, घंटा वाजवते ती चौथीतली पोरगी. मग शिक्षक आमदारांच्या भाषणात पेन्शन येते, अनुदानाचा टप्पा येतो, पगार एक तारखेला व्हावा हे येतं, आणि चार-पाच शाळांमागे एक डेटा एन्ट्रीवाला द्या इतकी साधी मागणी शेवटच्या पानावर जाते. मी कोणा आमदाराला दोष देत नाही, ज्याचं मत त्याची भाषा, इतकंच. प्राथमिकचे लोक संघटनांमध्ये आहेत, संख्येने दांडगे आहेत, मोर्चात तेच जास्त असतात. पण बॅरिकेडच्या आत जो माणूस बोलतो त्याला निवडून द्यायला ते नसतात.

"ड्यूटी मात्र लागू शकते हं त्या निवडणुकीत," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याचं बोट शाईत बुडवायला चालते मी."

(दृश्य: शाळा, दुपार. पोरं हात धुताहेत.)

निघताना मॅडमनी टेबलाच्या खणातून एक रजिस्टर काढलं, भेट रजिस्टर. शाळेत कोणीही आलं की लिहून ठेवावं लागतं, नाव, काम, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, अभिप्राय. आम्ही लिहिलं, माहितीपटाचं चित्रीकरण, 10.40 ते 1.05. लिहिता लिहिता लक्षात आलं की हे दोन तास पंचवीस मिनिटं मॅडम आमच्याशीच बोलत होत्या. मी अभिप्रायाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून थांबलो तर त्या म्हणाल्या, "लवकर लिहा भाऊ, केंद्रप्रमुखांना याचा फोटो टाकायचा आहे."

फळ्यावर डावीकडची वजाबाकी अजून तशीच होती. उजवीकडे एका शब्दाचं वाक्य कोणीतरी करून ठेवलं होतं. शब्द होता वेळ, आणि वाक्य, "मॅडमची वेळ झाली."