ओकचं कपाट आणि पाण्याची वाट

[दृश्य: काचेच्या पेल्यात साबणाचं पाणी. हातात बोटाएवढी जाड लाकडी पट्टी.]

ही पट्टी रेड ओकची आहे. चार इंच लांब. एक टोक पाण्यात बुडवते, दुसऱ्या टोकाला ओठ लावून फुंकते. बघा, पेल्यात बुडबुडे आले. माझी फुंकर लाकडातल्या बारीक नळ्यांतून चार इंच आरपार गेली.

झाड जिवंत असताना मुळांकडून वर पाणी नेणाऱ्या या नळ्या. व्हाइट ओकच्या गाभ्यात त्या बुजून जातात, म्हणून व्हिस्कीची पिंपं त्या लाकडाची करतात. रेड ओकमध्ये त्या उघड्या राहतात. आणि अमेरिकेत १९८० आणि ९०च्या दशकांत बाथरूमच्या सिंकखाली मधाच्या रंगाची जी कपाटं घरोघरी बसली, ती बरीचशी याच लाकडाची.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरातलं कपाट त्यांपैकीच एक. घर १९८७ सालचं. कपाटाला चार दारं, तीन खण, पितळी रंगाच्या बिजागऱ्या. वरचं पॉलिश पिवळं पडत पडत नारिंगी झालेलं. मुठींभोवती काळपट वर्तुळं, आणि प्रत्येक दाराची खालची कड शाई सांडल्यासारखी काळी. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काढून टाका आणि नवीन बसवा. नवीन पाहायला गेलोसुद्धा. आमच्या ऐपतीत बसणारी सगळी दाबलेल्या भुश्याच्या पाट्यांची होती. पाणी लागलं की त्या पाट्या फुगतात, आणि फुगलेली पाटी पुन्हा बसत नाही. आमच्या दारांच्या चौकटी अस्सल लाकडाच्या आहेत. त्या कचऱ्यात टाकायला मन धजेना.

[दृश्य: दाराची खालची कड, अगदी जवळून.]

हा काळा डाग कुजल्याचा नाही. लोखंडी कढईत आवळा शिजवला की कसा काळा होतो, तसंच हे आहे. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. पाण्यातलं किंवा स्क्रूमधलं लोखंड त्याला भेटलं की काळा रंग तयार होतो. पाणी दारावरून ओघळतं, खालच्या कडेला थांबतं आणि जिथे नळ्यांची तोंडं उघडी आहेत तिथून वर चढतं. कपाट खराब कुठून झालं, हे त्या डागांनी रेखाटूनच ठेवलं होतं. म्हणून आम्ही सुरुवात पॉलिश पेपरने केली नाही. आधी सिंकखालचा ठिबकणारा सांधा दुरुस्त करून घेतला.

मग दारं उतरवली. प्रत्येकाच्या मागे आकड्याची चिकटपट्टी लावली, कारण बिजागऱ्यांची भोकं दोन दारांची सारखी नसतात.

त्यानंतर धुणं. पहिला सबंध दिवस यातच गेला आणि तो जायलाच हवा. आमच्या घरात खोबरेल तेलाची बाटली याच कपाटावर असते. आई सहा महिने इथे असते, तेव्हा रोज सकाळी वेणी घालून त्याच हाताने खण उघडते. मुठींभोवतीची वर्तुळं त्या तेलाची. त्यावर केसांच्या स्प्रेचा चिकट थर. तेल राहिलं तर नवीन पॉलिश तिथे धरत नाही, आणि न धुता घासलं तर तेच तेल लाकडात आणखी आत जातं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, पिळून घेतलेलं फडकं, मग टर्पेंटाइनचा एक हात. फडकं पांढरं निघेपर्यंत.

[दृश्य: बंद बाथरूम. टब. वर लहानसा पंखा.]

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायची आहे. जुनं पॉलिश काढायला पूर्वी मेथिलीन क्लोराइडचं द्रावण सर्रास विकलं जायचं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते, टबमध्ये साठते, आणि वाकून काम करणारा माणूस नेमकी तीच श्वासात घेतो. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत बाथटबचा थर काढताना या रसायनाने किमान १३ कामगार गेले. बाथरूमसारख्या कोंडलेल्या जागेत काम करणारी ही कष्टाची माणसं होती. २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी त्याची विक्री बंद झाली. कोणाच्या गॅरेजमध्ये जुना डबा पडलेला असेल तर तो वापरू नका, घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या. आणि घर १९७८ पूर्वीचं असेल, रंग दिलेला असेल, तर घासण्याआधी त्या रंगात विषारी शिसं आहे का, याची तपासणी करून घ्या.

दारं आम्ही अंगणात नेली. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०. नेहमी रेषेच्या दिशेने. कपाटाच्या बाजूच्या पाट्यांवर मात्र फक्त हाताने आणि हलकेच, कारण तिथे ओकचा पापुद्रा मिलिमीटरहूनही पातळ असतो. एका कोपऱ्यात मी तो घासून आरपार नेला. आतली प्लाय दिसली. तो कोपरा आजही थोडा गडद आहे.

काळ्या कडांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड. स्फटिक गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच, ते विषारी आहे. रात्रभरात काळा रंग उतरला. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून काढलं, कारण सुकलेल्या स्फटिकांची पूड नाकात जायला नको. स्टीलच्या काथ्याने ओक कधीही घासू नका. त्याचे कण छिद्रांत अडकतात आणि पुन्हा तीच आवळ्याची कढई.

पांढरा रंग का नाही दिला, असं बरेच विचारतात. देता येतो. पण टॅनिन पांढऱ्या रंगातून पिवळं फुटून येतं, आणि ओकची छिद्रं रंगाखालीही दिसत राहतात. शिवाय घासून झाल्यावर खाली जे लाकूड निघालं, फिकट, किंचित गुलाबी झाक असलेलं, ते आम्ही तीस वर्षांत कोणी पाहिलंच नव्हतं.

[दृश्य: वाटीत नारिंगी पापुद्रे.]

ही लाख. बोर, कुसुम, पळस यांच्या फांद्यांवर बारीक किडे दाटीने बसतात आणि स्वतःभोवती राळ तयार करतात. ती खरवडून, वितळवून, गाळून असे पापुद्रे होतात. झारखंड, छत्तीसगड, आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला ही पिकवली जाते. रांचीला १९२४ पासून लाखेच्या संशोधनाची संस्था आहे. आम्ही मेण काढलेली लाख घेतली, कारण मेण राहिलं तर नंतर वर द्यायचं पाण्यात मिसळणारं पॉलिश सुटतं. एक लीटर स्पिरिटला १२० ग्रॅम. अर्ध्या-पाऊण तासात हात लावण्याइतकी सुकते. सगळीकडे एक हात, आणि दारांच्या चौकटीतल्या उभ्या पट्ट्यांच्या टोकांना चार हात.

मघाची पट्टी आठवते? तिच्याही टोकाला चार हात दिले. आता पाण्यात बुडवून फुंकते. एकही बुडबुडा नाही.

नुसती लाख मात्र बाथरूममध्ये टिकत नाही. अत्तर, गरम भांडं, धुण्याच्या सोड्याचं पाणी तिला चालत नाही. म्हणून तिच्यावर पॉलियुरेथेन या पाण्यात मिसळणाऱ्या, प्लास्टिकसारखा थर देणाऱ्या पॉलिशचे तीन हात, मधे मधे ३२० नंबरचा हलका हात. तेलाचं पॉलियुरेथेन घेतलं असतं तर पुन्हा तोच नारिंगी रंग हळूहळू परतला असता.

[दृश्य: बिजागरीच्या भोकात काडी बसवणारा हात.]

स्क्रूची भोकं ढिली झाली होती. त्यांत गोंद लावलेल्या काड्या ठोकून, सुकल्यावर कापून, नव्याने स्क्रू पिळले. दारं पाचव्या दिवशी लागली, पण हे पॉलिश पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर ओला टॉवेल दारावर टाकायचा नाही, हे सगळ्यांनी पाळलं. खोबरेलाची बाटली आता कपाटावरच आहे, फक्त तिच्याखाली आईने एक बशी ठेवली आहे.