फुग्यातला आवाज कुणाचा?

(कुडाळच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. आमच्या कॉमिक्स संग्रहाला पुरस्कार मिळाला ही बातमी तुमच्यापर्यंत पोचलीच आहे, आणि त्याचा मला झालेला आनंद आज मी अजिबात लपवणार नाही. १० जणांनी मिळून केलेलं हे पुस्तक. काळ्या शाईतलं, ९६ पानांचं. ९६ अशासाठी की छपाईचा एक फॉर्म १६ पानांचा होतो आणि सहाव्या फॉर्मला आमची वर्गणी संपली. ते स्पर्धेला आमच्यापैकी कुणी पाठवलंसुद्धा नव्हतं. एका ग्रंथपाल ताईंनी स्वतःच्या पैशांनी प्रती पाठवल्या आणि निकाल लागेपर्यंत आम्हाला पत्ता लागू दिला नाही. त्या आज इथे आहेत, मागच्या रांगेत. त्यांच्यासाठी आधी टाळ्या झाल्या पाहिजेत.

पुस्तकाचा विषय तुम्हाला माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंद असते ते दोन महिने. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर झापं घातलेली, घरात जाळ्यांची दुरुस्ती, आणि उधारीची वही. त्या दिवसांतल्या सात गोष्टी आम्ही काढल्या. परीक्षकांनी गोष्टींचं कौतुक केलं, चित्रांचं केलं. पण वेगळा परिच्छेद लिहिला तो अक्षरलेखनावर. पात्रांचे संवाद ज्यात लिहितात त्या फुग्यांतल्या अक्षरांवर! हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून आज मी चित्रांबद्दल कमी आणि अक्षरांबद्दल जास्त बोलणार आहे.

इथून जवळच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एकेक चित्र पुढे धरायचं, वीणा आणि टाळाच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान लावायचं, मग पुढचं चित्र. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या देशाला पिंगुळीचं नाव कळलं. चित्रांतून क्रमाने गोष्ट सांगणं हे आपल्याकडे परदेशातून आलेलं नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी सांगते आणि सांगत राहणार. पण चित्रकथीत आणि कॉमिक्समध्ये एक मोठा फरक आहे. चित्रकथीत सीतेचा, रावणाचा, हनुमंताचा आवाज सांगणाऱ्याच्या गळ्यात असतो. चित्रात संवाद लिहिलेले नसतात. कॉमिक्स वाचताना शेजारी कुणी गात नाही. मग रावणाचा आवाज कुठून यायचा? तो अक्षरांतूनच यावा लागतो. अक्षर काढणारा माणूस म्हणजे कॉमिक्समधला कथेकरी.

आता देवनागरीची अडचण बघा. इंग्रजी कॉमिक्समध्ये बहुतेक सगळी अक्षरं कॅपिटल, एका उंचीची. ओळीखाली ओळ चिकटून बसते. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणून ओळींत जागा सोडावी लागते, फुगा मोठा होतो आणि मोठा फुगा चित्र खातो. चित्रकार चिडतो, लेखकाला संवाद कापायला सांगतो, लेखक ऐकत नाही. आमच्या निम्म्या बैठका यातच गेल्या.

पहिला कच्चा खर्डा आम्ही संगणकावरच्या 'मंगल' अक्षरांत लावला होता. प्रा. र. कृ. जोशींनी घडवलेला तो फाँट पडद्यावर नीट वाचता यावा म्हणून झाला आणि ते काम तो उत्तम करतो. पण त्यात आजी, नातू आणि होडीचा मालक, तिघंही एकाच आवाजात बोलत होते. मालवणी संवाद तर अगदीच परके वाटायला लागले.

तेव्हा आम्ही पेंटरकाकांकडे गेलो. तुम्ही सगळे त्यांना ओळखता, कारण त्यांची अक्षरं रोज बघता. मालवण-वेंगुर्ल्याच्या कितीतरी होड्यांवरची नावं आणि नोंदणी क्रमांक त्यांच्या हातचे. त्यांचा हंगाम बंदीच्या दोन महिन्यांतलाच, होड्या वर असतात तेव्हा. मी त्यांना काम करताना पाहिलंय. आधी खडू लावलेला दोरा ताणून फळीवर मारतात, शिरोरेखेची जागा ठरते, मग त्या रेषेखाली अक्षर उतरतं. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, लाकूड वळतं, तिथे अक्षर मुद्दाम रुंद करतात, म्हणजे पाण्यातून बघणाऱ्याला ते सरळ दिसतं. वाचणारा कुठे उभा आहे हे आधी ठरवायचं आणि मग ब्रश उचलायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आता हे पान ४१ बघा. मागे बसलेल्यांना दिसावं म्हणून मोठं करून आणलंय. पडवीत आजी जाळं घेऊन बसलीय, नातू उंबऱ्यात उभा. आजी विचारते, "खंय चललंस रे?" तिच्या फुग्यात काकांनी शिरोरेखा सलग ओढलेलीच नाही, प्रत्येक अक्षरापाशी ती किंचित तुटते. आजीचा आवाज थरथरतो हे आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. पोर म्हणतं, "दर्यार." एकच शब्द, जाड, आणि रफार फुग्याच्या कडेबाहेर गेलेला.

आणि वरचा तो पाऊस! 'धो धो'ची शिरोरेखा म्हणजेच छपराची कड. 'ध'ची शिरोरेखा मुळातच डावीकडे अपुरी असते. काकांनी नेमकी तिथे कौलं फुटलेली दाखवली आणि त्या फटीतून गळणारं पाणी खाली आजीच्या जाळ्यावर आणलं. मूळ चित्रात गळती नव्हती. ती त्या अक्षरातून आली, आणि मग चित्रकाराने आजीच्या शेजारी पातेलं काढलं. सहयोग सहयोग म्हणतात तो हाच. प्रत्येकाने आपापलं पान काढून एकत्र शिवलं तर तो नुसता गठ्ठा होतो.

मराठी वाचकाला अक्षराची पारख नाही असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं आठवा; जाहिरातीतलं नाव वाचूनच नाटकाचा स्वभाव कळायचा. अनेक हातांनी एक पुस्तक करण्याची सवयही आपल्याला नवी नाही. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण तेच करतोय. मात्र कॉमिक्सच्या अक्षरकाराचं नाव अजून श्रेयनामावलीच्या तळाशी, असलंच तर. अमेरिकेत कॉमिक्ससाठी दिल्या जाणाऱ्या आयस्नर पुरस्कारांत १९९३ पासून अक्षरलेखनाला स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडेही तो व्हावा, अशी मी इथून जाहीर मागणी करते.

आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. पुरस्काराच्या रकमेचे १० सारखे वाटे झाले. दुसरी आवृत्ती छपाईला गेलीय, तिच्या मुखपृष्ठावर दहाही नावं एका आकारात आहेत आणि ती काकांनीच काढलीत. पुढचा संग्रह रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर करायचाय. रापण ओढलेल्या, निदान दोराला हात लावलेल्या माणसांकडून आम्हाला गोष्टी हव्यात. चित्र येत नसेल तरी चालेल, बोलून सांगितलीत तरी चालेल. वाचनालयाच्या टेबलावर वही ठेवलीय, तिच्यात नाव आणि गाव लिहून जा.

आता तुमचे प्रश्न. पण पहिला प्रश्न मला नको. काका पहिल्याच रांगेत बसलेत, माईक त्यांच्याकडे द्या.